खोकी गुंडाळा, पण काठमांडूत पोहोचल्यावर

महोदय,

नाताळच्या सुमारास मुंबईतल्या चर्चचे काही गट नेपाळमधल्या गरजू मुलांसाठी बुटांच्या खोक्यांत भेटी भरून नेतात. ही खोकी इथेच चमकी कागदात गुंडाळून चिकटपट्टीने पक्की केली जातात. एक्स-रेमध्ये शंका आली, की ती फोडलीच जातात आणि कागदाच्या चिंध्या होतात. कागद सपाट न्यावा, गुंडाळणी तिकडे करावी.

सर्वांत घातक म्हणजे मशीद बंदरला डझनाच्या भावात मिळणारी गाणारी खेळणी. त्यांतल्या बटण सेलचे झाकण नखानेही उघडते. मुलाने सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. झाकणाला स्क्रू नसेल तर खेळणे घेऊच नये. चॉकलेट वितळते, शाम्पू सांडतो आणि शेजारची वही वाया जाते. पेन्सिलीसोबत शार्पनर, फुटबॉलसोबत पंप आणि सुई हवीच. नाहीतर ती भेट कसली!

एकाच बॅगेत पन्नास कोरे कंपासपेटी संच दिसले, की कस्टम्सला तो विक्रीचा माल वाटणारच. सामान सर्वांत वाटावे. बिले, यादी आणि तिथल्या संस्थेचे पत्र हाताशी ठेवावे.

धर्मप्रचाराची पत्रके खोक्यात नकोत. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेतील कलम २६ धर्मांतर करवण्यास मनाई करते. आपण परततो, निस्तरावे लागते यजमानांना.

स्वेटर मात्र तिथेच घ्यावेत, मुलांची मापे घेऊन.

– एक वाचक, वांद्रे