राजीनाम्याचा विचार सोड

लांजा, जि. रत्नागिरी
दि. १४ जुलै २०२५

चि. मुग्धा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री नोकरीचा राजीनामा देऊन कायमचे गावी येण्याविषयी तू बोललीस तेव्हा मी गप्प राहिलो. तो होकार नव्हता. तुझी आई शेजारीच बसली होती आणि मला जे सांगायचे आहे त्यातले निम्मे तिच्याविषयी आहे, म्हणून सवडीने लिहितो. तू येऊ नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आमची इथे तीन वर्षांत कशी घडी बसली आहे हे तुला तुकड्यातुकड्यांनीच माहीत असल्यामुळे ते मत तुला हट्टाचे वाटेल. तेव्हा आधी सगळे नीट वाच आणि मग काय ते ठरव.

२०२२च्या एप्रिलमध्ये मी आंब्यावरून पडलो तेव्हा धावून आलेल्या शेजाऱ्यांपैकी दोघांनी मला काखेत धरले, दोघांनी पायांना धरले आणि जीपच्या मागच्या बाकावर अर्धवट बसवून नेले. त्यांना मी दोष देत नाही, कारण त्यांच्या जागी मीही तेच केले असते. कणा मोडल्याचा संशय असेल तर माणसाला न वाकवता, मान आणि पाठ एका रेषेत धरून, कठीण फळीवर आडवे ठेवून न्यायचे असते हे आम्हाला नंतर कळले. आता आंबा काढणीच्या दिवसांत वाडीतल्या एका पडवीत रुंद फळी काढून ठेवलेली असते आणि भिंतीवर खडूने १०८ हा आकडा लिहिलेला असतो.

पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला, असे दोन मणके गेले आणि कमरेखाली मी लुळा पडलो. शस्त्रक्रिया चांगली झाली. पुढचे चांगले झाले नाही. ज्या रुग्णालयात होतो तिथे रात्री कूस बदलायला कोणी येत नसे, आणि ती बदलावी लागते हे आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. माकडहाडावर जखम झाली. कमरेखाली संवेदनाच नसल्यामुळे ती मला कळली नाही, तुझ्या आईच्या लक्षात आली तीही वासावरून, आणि ती भरून यायला पाच महिने लागले. मी इतिहासाचा मास्तर असल्यामुळे पुढे याची माहिती काढत बसलो. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक इजेने नव्हे, तर अशा जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने मेले. जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे या रुग्णांचा विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदललीच पाहिजे असा दंडक घातला. इतकी साधी गोष्ट, पण तिने माणसे जगू लागली. त्याच आवारात १९४८ साली, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, १६ जणांनी चाकांच्या खुर्चीत बसून तिरंदाजीची स्पर्धा खेळली आणि त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले.

म्हणून आमच्या घरात घड्याळाचे राज्य आहे. माझा दाढीचा गोल आरसा मी वेताच्या काठीला तिरका बांधून घेतला आहे. रोज सकाळी आणि रात्री अंथरुणात कुशीवर वळून मी माझी स्वतःची पाठ, कुल्ले आणि टाचा त्यात पाहतो, आणि कुठे लाली दिसली व ती अर्ध्या तासात गेली नाही तर त्या भागावर त्या दिवशी भार द्यायचा नाही. खुर्चीत असलो की दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलून धरायचे किंवा पुढे वाकायचे. लघवीसाठी दर पाच तासांनी मीच नळी घालतो. पाणी किती व केव्हा प्यायचे हेही त्यावरून ठरते. शौचाची वेळ सकाळच्या चहा-नाश्त्यानंतरची, कारण पोटात काही गेले की आतडी हलू लागतात आणि त्याचा फायदा घेता येतो. हे सगळे मुलीला लिहिणे तुला विचित्र वाटेल. पण या तीन गोष्टी माझ्या हातात आल्या त्या दिवसापासून मी रुग्ण राहिलो नाही, आणि नेमके हेच माणसे बोलायचे टाळतात.

माझ्याशी ते पहिल्यांदा बोलला तो एक निवृत्त जवान. त्याला स्वतःला पाठीत गोळी लागलेली, आणि खडकीला जवानांसाठी १९७४ पासून जे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, म्हणजे कमरेखाली लुळे पडलेल्यांचे पुनर्वसन केंद्र, आहे तिथे तो राहून आलेला. हाताने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर चालवायची सोय केलेली स्वतःची गाडी घेऊन एकटाच आला. मी ओटीवर पडून पाहत होतो. त्याने दार उघडले, मागच्या सीटवरून खुर्चीचा सांगाडा ओढला, चाके खटाखट बसवली आणि फळीवरून सरकत खुर्चीत आला. तुझा काका मदतीला धावला तर त्याला हातानेच थांबवले. इथवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याने मला धीर दिला होता, देवाचे नाव घ्यायला सांगितले होते. याने पाणी प्यायले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘मास्तर, संडासचं काय करता?’ मी त्या वर्षात पहिल्यांदा मोकळा हसलो. दोन तासांत त्याने मला डॉक्टरांनी न सांगितलेल्या वीस गोष्टी सांगितल्या. त्यानेच हट्ट धरल्यामुळे मी हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत दीड महिना राहून आलो. केंद्र सरकारची ही संस्था १९५५ पासून मुंबईत आहे आणि आमच्या पंचक्रोशीत तिचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

नसीमा हुरजूक यांचे असेच झाले होते. ऐन सोळा-सतरा वर्षांच्या वयात त्यांचे पाय गेले आणि घरात पडून असताना त्यांना स्वतः खुर्चीत बसून व्यवसाय करणारे बाबूकाका दिवाण भेटले. पुढे १९८४ साली याच बाईंनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था उभी केली. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकून आले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मी उत्तरपत्रिका तपासायला कधी ४६ वर्षे लावली नाहीत.

आता आमचा सहा जणांचा गट आहे. दोन आंब्या-माडावरून पडलेले, तिघे मोटारसायकलवाले, आणि एक विहिरीच्या कामावरचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो, एरवी फोनवर असतो. गेल्या पावसाळ्यात रात्री अकरा वाजता त्यातल्या एका मुलाच्या आईचा फोन आला. त्याची इजा मानेची आहे. डोके फुटेल इतके दुखते आहे, तोंड लाल झाले आहे, घामाने निथळतो आहे, आणि गावातल्या डॉक्टरांनी डोकेदुखीची गोळी दिली आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या इजेत शरीराला खाली काही टोचले, तुंबले तर रक्तदाब असा एकाएकी चढतो आणि तो जिवावर बेतू शकतो, हे हाजीअलीला आमच्या डोक्यात पक्के बसवले होते. मी तिला म्हटले, आधी त्याला उठून बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा आणि लघवीची नळी कुठे दुमडली आहे का पाहा. नळी त्याच्या मांडीखाली दबलेली होती. ती सरळ केल्यावर दहा मिनिटांत तो बोलू लागला. तरीही रात्रीच त्याला जिल्ह्याला हलवायला लावले. तू इथे असतीस तरी हे तुला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, मुग्धा. माया आणि माहिती या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि मला दुसरीची जास्त गरज होती.

त्याच मुलाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचे सरकारी ओळखपत्र, करून देण्यासाठी मी तीन खेपा घातल्या. अपंगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने त्यांच्यासाठी सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा आणि सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखीव आहेत, तो बी.कॉम. अर्धवट सोडून बसला होता, आता पुन्हा नाव घातले आहे. निवृत्तीनंतर मला वर्ग नव्हता, तो असा मिळाला.

घराच्या उताराची गोष्ट तुला आईने सांगितली नसेल. ओटीच्या तीन जांभ्या पायऱ्या मिळून २१ इंच उंचीच्या आहेत. दर इंच उंचीला एक फूट लांबी हा हिशेब, म्हणजे २१ फूट उतार. गवंडी म्हणाला, ‘गुरुजी, सहा फुटांत बसवतो, मागून एक माणूस ढकलेल की.’ मला तो मागचा माणूसच नको होता. शेवटी खळ्यात तो मध्ये सपाट जागा ठेवून इंग्रजी एलसारखा वळवला, त्यासाठी तुळशीवृंदावन दोन हात सरकवावे लागले आणि तुझी आई आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आज मी पेपर आणायला रस्त्यापर्यंत एकटा जातो.

सगळे असे पेपर आणण्यासारखे झालेले नाही. पहिले सहा-सात महिने मी पंख्याकडे बघत काय विचार करीत होतो ते तुला लिहिणार नाही. त्यासाठी मी मानसोपचाराची औषधे आठ महिने घेतली, आणि ती घेतल्याची मला लाज वाटत नाही. पायांत अजून रात्री आग होते, जिथे स्पर्श कळत नाही तिथेच. मागच्या थंडीत गरम पाण्याची पिशवी मांडीवर ठेवून मीच फोड आणले, इतके सगळे शिकूनसुद्धा.

खरी चिंता तुझ्या आईची आहे. तिची कंबर दुखते, ती कोणाला सांगत नाही, आणि तीन वर्षांत ती एकदाही देवरुखला मावशीकडे राहिलेली नाही. पहिल्या वर्षी मला उचलून उचलून तिने स्वतःचे हाल करून घेतले; मी फळीवरून सरकायला शिकल्यावर ते थांबले, पण सवय थांबली नाही. माझ्या आधी उठते, माझ्या नळ्या मोजून ठेवते, मी न्हाणीत असलो की दाराबाहेर उभी राहते. आता गेल्या महिन्यापासून शेजारच्या वाडीतला एक मुलगा सकाळी दोन तास पगारावर येतो. तिला ते आवडलेले नाही. तू राजीनामा देऊन आलीस तर पहिल्यांदा त्या मुलाला ती बंद करेल, मग मी आळशी होईन, आणि वर्षभरात तुझीही कंबर दुखू लागेल.

तुझ्याकडून मला हवे आहे ते हे. २७ ऑगस्टला गणपती आहेत. त्याच्यानंतर आठवडाभर रजा काढून राहा आणि आईला देवरुखला पाठव. ती नाही म्हणेल. तिकीट काढूनच सांग. त्या आठवड्यात माझे सारे मी करेन, तू फक्त घरात असायचे. दुसरे, त्या मुलाचा पगार तू दर महिन्याला परस्पर त्याच्या खात्यात घालावास. तो माझ्या निवृत्तिवेतनातून जातो हे आईला रोज बोचते. लेकीने दिला तर ती त्याला चहासुद्धा करून देईल, असा माझा अंदाज आहे.

येताना १४ नंबरच्या नळ्यांची दोन पाकिटे आण, इथल्या दुकानात १६च्या येतात. आणि माझ्या खुर्चीच्या गादीचे वरचे कव्हर फाटले आहे. माप मागे लिहून दिले आहे, त्याच मापाचे घे, मोठे घेऊन ‘बसेल बाबा’ म्हणू नकोस.

तुझा,
बाबा