दत्तक पोरीच्या पुनर्जन्माच्या गोष्टी

प्रिय ज्योते,

कशी शे वं? तू सांगितलेली ती कोरियन कॉमिक्स वाचून काढली, एक संपलं की दुसरं. सगळी त्याच जातीची. ड्यूकच्या वाड्यात अनाथ पोरगी आणतात, बऱ्याचदा हरवलेल्या खऱ्या मुलीच्या जागी, मग बाप बघत नाही, भाऊ छळतात, नोकरसुद्धा शिळंपाकं वाढतात, ती मरते आणि पुन्हा लहानपणात जागी होते. आता पुढचं सगळं माहीत, म्हणून बापाला विषातून वाचव, भावाचं संकट टाळ, असं करत करत शेवटी सगळे तिच्यावर जीव टाकायला लागतात. मी रडले पण, पण नंतर इतका राग आला ना.

अगं, पहिल्या जन्मात मेली तिचं काय? दुसऱ्या वेळचा बाप चांगला वागतो, पण आधी काय केलं ते त्याला आठवतच नाही, ते सगळं एकट्या पोरीच्या डोक्यात. म्हणजे छळणारा सुटला आणि जिला छळलं तिनंच समजून घ्यायचं. आणि ज्या गोष्टींत भलत्याच बाईचा जीव त्या पोरीच्या अंगात येतो तिथं तर लाड होतात ते त्या नव्या बाईचे! मूळचं लेकरू, ज्याला कुणी एकदा जवळ घेतलं नाही, ते गेलं ते गेलंच, त्याच्यासाठी कुणी रडत पण नाही.

आणि सगळ्यात जास्त खुपलं ते हे की ती कामाला आली म्हणून लाडकी झाली. साधी, हट्टी, अभ्यासात कच्ची असती तर?

हे तिकडचंच आहे असं पण नाही. कोरियात जुन्या काळी दत्तक घ्यायचे ते बापाच्या कुळातला मुलगा, पितरांचं करायला आणि वंश चालवायला. आपल्याकडं तरी दुसरं काय होतं, भावाचा पोरगा घ्यायचा, पिंडाला माणूस पाहिजे म्हणून. अनाथ पोरगी त्या हिशोबात कुठं बसतच नव्हती. १९५० च्या युद्धानंतरच्या काही दशकांत त्याच देशातून दोन लाखाच्या आसपास लेकरं परदेशात दत्तक गेली, त्यामुळे त्या ड्यूकच्या वाड्यातली पोरगी मला नुसती परीकथेतली वाटत नाही.

आपला कर्ण आठव ना. कृष्ण त्याला सांगतो तू कुंतीचा, थोरला पांडव, राज्य तुझं. तर तो म्हणतो मला बघून राधेला मायेनं पान्हा फुटला, अधिरथानं माझे संस्कार केले, त्यांना कसं सोडू. नदीतून आलेल्या त्या तान्ह्या पोरानं तोवर राधेसाठी काय केलं होतं सांग? काहीच नाही.

मला हे एवढं का लागलं ते तुला कळलंच असेल. अमळनेरच्या अक्काची लेक. कानबाईच्या रोटांच्या सणाला सगळी भाऊबंदकी जमली होती आणि एक काकू तिच्यासमोरच म्हणाल्या, "पोरीनं नशीब काढलं, आता आईबापाचं नाव काढ बरं." २०१५ च्या बालन्याय कायद्यात सरळ लिहिलंय की दत्तकाचा आदेश लागू झाला की ते मूल त्या आईबापाला जन्मल्यासारखंच, सगळ्या बाबतीत. पण काकूंना कोण सांगणार. पोरगी काही बोलली नाही, उठली आणि कुणी न सांगता सगळ्यांची ताटं उचलायला लागली, आणि बाया म्हणतात कशी गुणी आहे बघा! अक्का तिच्यावर खरंच जीव टाकते गं, पण तिला पण ते कौतुकच वाटलं, ती पण हसली. मी रात्री अक्काला बाजूला घेऊन बोलले, थोडं वाजलं आमचं, पण बोलले.

आता ती पण हीच कॉमिक्स वाचते, मला विचारत होती पुढचा भाग आला का. बंद कर असं मी म्हणणार नाही, त्या वाड्यात तिला स्वतःचं काहीतरी दिसत असणार. उलट तिच्यासोबत बसून वाचणार आहे आणि त्या बापाला शिव्या घालणार आहे, मोठ्यानं, अक्काला ऐकू जाईल अशा.

दिवाळीला तू येशील तेव्हा अमळनेरला जाऊ. तिच्याशी गप्पा मार, भांडण कर, तिची खेचलीस तरी चालेल, फक्त मार्क किती पडले ते विचारू नको आणि तिच्या हातचा चहा मागू नको, चहा आपण करू.

तुझीच,
मनी