थायरॉईडची शस्त्रक्रिया: घरी जाण्यापूर्वी रुग्णाला काय सांगावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थायरॉईडची शस्त्रक्रिया करावी लागेल असे कळताच रुग्णाला आधी कॅन्सरची आणि मग आवाज जाण्याची धास्ती वाटते, आणि या दोन भीतींपुढे बाकीचे विचारायचे राहून जाते. शस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून काम करताना हे वारंवार दिसते, म्हणून हे पत्र.

थायरॉईडच्या बहुतेक गाठी साध्या असतात. सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीत कॅन्सर किंवा त्याची शंका आढळली, गलगंड वाढून श्वासनलिका दाबली जाऊ लागली किंवा ग्रंथीचा वाढलेला स्राव औषधांना दाद देईनासा झाला, तर शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. ग्रंथी अर्धी काढणार की पूर्ण, आणि का, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावेच, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून असते.

स्वरतंतूंच्या नसा ग्रंथीला अगदी लगटून जातात. भूल देताना घशात घातलेल्या नळीमुळे किंवा नस दुखावल्यामुळे आवाज काही दिवस, कधी काही आठवडे घोगरा राहू शकतो. अनुभवी हातांत कायमची इजा क्वचितच होते. सर्जन अशा शस्त्रक्रिया नियमित करतात का, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. गायक आणि शिक्षक यांनी आपला व्यवसाय आवर्जून सांगावा, कारण वरच्या पट्टीसाठी लागणारी नस वेगळी असते.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती कॅल्शियमची. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉईड ग्रंथी असतात आणि रक्तातील कॅल्शियम त्या सांभाळतात. पूर्ण ग्रंथी काढताना त्यांचा रक्तपुरवठा बिघडला तर कॅल्शियम उतरते, आणि ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे रुग्ण घरी पोचल्यावर, सर्वांत खाली जाते. टाके दाखवायला आलेली एक बाई अंगठ्याने बोटांची टोके सारखी चोळत होती. विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘रात्रभर ओठांभोवती मुंग्या येत होत्या, अशक्तपणा असेल म्हणून गप्प राहिले.’’ तो अशक्तपणा नव्हता. अशा मुंग्या आल्या किंवा हातापायांत पेटके आले तर वाट न पाहता रुग्णालयाला कळवावे. बहुतेकांना काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरे वाटते, थोड्यांना मात्र त्या कायम घ्याव्या लागतात.

पहिल्या चोवीस तासांत गळा फुगू लागला किंवा श्वास कोंडू लागला, तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. तिथे एक मिनिटही घालवू नये.

पूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण हळूहळू मंद आणि सुस्त होत जातात, हे स्विस शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्ये नोंदवले होते. तेव्हा त्यावर उपाय नव्हता; आज थायरॉईडच्या संप्रेरकाची रोजची एक गोळी ती उणीव भरून काढते. मात्र ती आयुष्यभर, सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यासोबत घेतली तर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून दोन्हींत चार तासांचे अंतर हवे; तरीही दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर घेणारे कितीतरी रुग्ण भेटतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी रक्तातील टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) तपासून मात्रा ठरते, आणि गर्भारपणात ती बहुधा वाढवावी लागते. अर्धीच ग्रंथी काढलेल्या अनेकांना गोळी लागतही नाही, पण तपासणी चुकवू नये.

हे सारे डॉक्टर सांगतात, पण भीतीच्या भरात ऐकलेले फारसे लक्षात राहत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णालयाने मुंग्या, गळ्याची सूज आणि गोळीची वेळ या तीन गोष्टी डिस्चार्ज कार्डावर सोप्या मराठीत, ठळक अक्षरांत छापाव्यात आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा तो त्याखालीच लिहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक परिचारिका