हॅलोविन करा, पण ड्रेस घरी बनवा

मा. संपादक,

ऑक्टोबर संपत आला की हॅलोविनवरनं तीच ती भांडणं सुरू होतात. एक म्हणतो आपली संस्कृती बुडाली, दुसरा म्हणतो मुलं एन्जॉय करतायत तर करू द्या ना, आणि मुलांनी अंगात काय घातलंय ते दोघंही बघत नाहीत. मी इंदिरानगरची एक आजी. मला भुताखेतांचं काही वाटत नाही (मुंजा, हडळ, वेताळ एवढं सगळं घरचं असताना बाहेरच्यांना काय घाबरायचं), माझी तक्रार आहे ती कुरिअरच्या पिशवीतून येणाऱ्या त्या ड्रेसबद्दल.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो, मुलं येणार आहेत, चॉकलेटं आणून ठेवा. संध्याकाळी पोरं येतात ती सगळी एकसारखी, तोच काळा झगा आणि त्यावर तोच छापलेला हाडांचा सापळा, कारण सगळ्यांनी एकाच ॲपवरनं मागवलेलं. ट्रिक ऑर ट्रीट म्हणायचं, बादली पुढे करायची, चॉकलेट पडलं की लिफ्टकडे पळायचं, संपला सण. एकाला मी म्हटलं, अरे चॉकलेट देते पण आधी काहीतरी करून दाखव की, तर तो बिचारा आईकडेच बघायला लागला.

आणि हे जिथून आलं तिथे असं नव्हतंच मुळी. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये पोरं घरातलेच जुनेपाने कपडे घालून, तोंडाला काजळी फासून दारोदार जायची, गाणं नाहीतर कविता म्हणायची, तेव्हा कुठे हातावर सफरचंद नाहीतर दाणे-बिणे पडायचे. कंदीलसुद्धा सलगम कोरून करायचे, भोपळा आला तो ही मंडळी अमेरिकेत गेल्यावर. तिथे १९३० च्या आसपास ट्रिक ऑर ट्रीट रुजायला लागलं, मग महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं म्हणून थंडावलं, आणि ते उठल्यावर १९५० नंतर एकदम दणक्यात सुरू झालं. खोक्यात मिळणारे रेडीमेड ड्रेस आणि मागे इलॅस्टिक लावलेले प्लास्टिकचे मुखवटे पण तेव्हाच घरोघरी गेले. म्हणजे तिथल्या आज्या माझ्याआधी कितीतरी वर्षं कुरकुरल्या असणार.

आपल्याकडे भोंडल्याला सगळी गाणी झाल्याशिवाय खिरापतीचा डबा उघडत नव्हता, आणि आत काय आहे ते ओळखायचं ते वेगळंच. फॅन्सी ड्रेस असला की आदल्या रात्री घर डोक्यावर. आईच्या नऊवारीची झाशीची राणी, वडिलांच्या धोतराचा वासुदेव, पुठ्ठ्याच्या तलवारीला बेगड, काजळाच्या मिशा, आणि त्या स्टेजवर पोचेपर्यंत गालभर पसरायच्या. नंतर ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणायची पद्धत आली, मापाचं कधीच मिळायचं नाही, मग टाचण्या लावत बसायचं. पण निदान कोणीतरी बसायचं तरी मुलासोबत.

एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. २०२४ ला हॅलोविनच्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, नरक चतुर्दशी होती, म्हणजे सकाळी पायाखाली कारिट फोडून नरकासुराला मारलं आणि संध्याकाळी तीच पोरं भुतं होऊन फिरली. हसू येतं ते सोडा, पण दारोदारी पणत्या आणि त्यातनं हे पॉलिस्टरचे लोंबते झगे पळतायत. इंग्लंडमध्ये २०१४ साली एका टीव्ही निवेदिकेच्या लहान मुलीच्या असल्याच ड्रेसला मेणबत्तीने पेट घेतला आणि ती चांगलीच भाजली होती. सुती चादरीचं भूत करा ना, आखूड, घोट्याच्या वर. तरी पणतीपासून लांबच ठेवा.

आणि सोंगं काढायला नाशिककरांनी दुसऱ्यांकडून शिकायचं म्हणजे कमालच आहे! धुळवडीला आपल्याकडे वीर निघतात, देवघरातले टाक घेऊन लोक वाजतगाजत गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) जातात, लहान पोरांना राम, कृष्ण, शिवाजी महाराज असं नटवून नेतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडच्या आदिवासी पाड्यांवर बोहाडा होतो, त्यात रात्रभर संबळ आणि पिपाणीवर एकेक सोंग नाचत येतं, गणपती येतो, नरसिंह येतो, रावण येतो. मुखवटे लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे, हाताने रंगवलेले. कॉलेज रोडवरच्या किती मुलांनी ते पाहिले असतील? त्या सापळ्याच्या झग्यापेक्षा कितीतरी जास्त भीती वाटते त्यांची, खरंच.

सोसायट्यांच्या कमिटीवाल्यांना एवढंच सांगणं आहे की हॅलोविन खुशाल ठेवा, फक्त दोन नियम करा, विकतचा ड्रेस चालणार नाही आणि गाणं, नकला, कोडं काहीतरी केल्याशिवाय चॉकलेट मिळणार नाही. आणि संपादक साहेब, तुमच्या पुरवणीत रक्ताचा मेकअप कसा करायचा ते येतं, तसं एखाद्या रविवारी बोहाड्याचे मुखवटे करणाऱ्या कारागिरांना विचारून रद्दीचा लगदा किती दिवस भिजवायचा, खळ कशी घालायची, वाळवायचं कसं तेही छापा, फोटोंसकट. रद्दी म्हणून तुमचाच पेपर वापरू.

एक आजी,
इंदिरानगर, नाशिक