केल्पच्या रानातली शिकार आणि आपली घोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाण्याखाली भाल्याने मासे मारणं हा पैसेवाल्यांचा क्रूर खेळ आहे आणि तो कोकण किनाऱ्यावर रुजायच्या आत त्यावर बंदी घालावी, असं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आलं. मी वेसावे कोळीवाड्यातली. आईने सगळा जन्म मासळीबाजारात काढला. लग्नानंतर मी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला आले आणि इथल्या समुद्रात एका श्वासात बुडी मारून मासे मारायला शिकले. म्हणून हे उत्तर लिहिते आहे. त्या वाचकांना माशांची कणव आहे, ती मलाही आहे. पण त्यांनी बोट दाखवलं ती जागा चुकीची आहे.

आधी इथला समुद्र कसा आहे ते सांगते. ला होया नावाच्या वस्तीसमोर पाण्यात केल्पचं रान आहे. केल्प हे समुद्रशैवाल. तळाच्या खडकाला घट्ट धरून ते वीस-तीस मीटर उंच वाढतं. प्रत्येक पानाच्या देठाशी हवेचा छोटा फुगा असतो, त्यामुळे सगळी वेल पाण्यात उभी राहते आणि वर पोचली की पृष्ठभागावर पसरते. पाणी थंड आणि सकस असेल तर एका दिवसात अर्धा मीटरही वाढते. आपल्याकडे मालवणच्या खडकांवर सरगॅसम नावाच्या शैवालाची दाटी असते, पण एवढ्या उंचीचं काही मी आपल्या किनाऱ्यावर पाहिलेलं नाही. सकाळचं ऊन त्या वेलींमधून तिरपं खाली उतरतं, आणि त्या उजेडात मासे आधी सावलीसारखे दिसतात, मग हळूहळू आकार धरतात.

या रानातला सगळ्यांना हवा असलेला मासा म्हणजे व्हाइट सीबास. तो घोळीच्याच कुळातला. आपला ढोमा, कोथ, घोळ ही सगळी एकाच घरातली भावंडं आणि हा त्यांचा पॅसिफिकमधला भाऊबंद. ढोम्याच्या डोक्यात सापडतात तसेच दोन पांढरे खडे याच्याही डोक्यात असतात. याचा नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून घुमल्यासारखा आवाज काढतो. श्वास रोखून वेलींमध्ये स्थिर राहिलं तर तो आवाज छातीत जाणवतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आईची टोपली आठवली, ताज्या ढोम्यांनी भरलेली. हा मासा दीड मीटर लांब आणि चाळीस किलोपर्यंत भरू शकतो. भित्रा इतका, की स्नॉर्कलमधून, म्हणजे श्वास घ्यायच्या नळीतून, जोरात फुंकर मारली किंवा पायातल्या फिनचा पाण्यावर फटका बसला तरी दिसेनासा होतो.

आता क्रूरतेचा मुद्दा. गळाला लागलेला मासा लहान निघाला तर सोडता येतो. भाला लागलेला मासा सोडता येत नाही. म्हणून आमचा सगळा निर्णय भाल्याच्या बंदुकीचा चाप ओढायच्या आधी व्हावा लागतो. जात कोणती, आकार केवढा, मागे दुसरा मासा किंवा माणूस तर नाही ना, आणि भाला लागल्यावर मासा ज्या वेलींमध्ये घुसेल तिथून तो सोडवून आणायला माझ्या छातीत हवा उरेल का? पाण्यात मास्कच्या काचेतून प्रत्येक वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते. व्हाइट सीबास किमान २८ इंचांचा हवा असा इथला नियम आहे, आणि २८ इंचांचा वाटणारा मासा प्रत्यक्षात २१ इंचांचाच असतो. नव्या माणसाला पहिला धडा हाच देतात : शंका आली की सोडून दे. कोवळ्या सीबासच्या अंगावर उभे काळपट पट्टे असतात, ते दिसले तर बंदूक उचलायचीसुद्धा नाही.

जाळ्याला यातलं काही दिसत नाही. मी हे जाळ्यावर जगलेल्या घरातली मुलगी म्हणून लिहिते आहे, कुणाच्या पोटावर पाय द्यायला लिहीत नाही. पण खरं ते खरं. आमच्या डोल जाळ्यात जे आलं ते आलं, निवड नंतर धक्क्यावर व्हायची आणि तोवर सगळं मेलेलं असायचं.

हा छंद निर्धोक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्यात जीव जातात, आणि अनेकदा चांगल्या पोहणाऱ्यांचे जातात. कोकणातली मुलं हल्ली व्हिडिओ बघून बुड्या मारायला लागली आहेत असं माझा भाचा सांगतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपल्यामुळे नव्हे, कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि धोक्याची सूचना उशिरा येते. प्राणवायू मात्र त्यामानाने वाढलेला नसतो. दहा मीटर खोल पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्या दाबामुळे उरलासुरला प्राणवायूही मेंदूला पुरतो आणि माणसाला वाटतं अजून वेळ आहे. वर येताना दाब उतरतो, प्राणवायूचा जोर एकदम घटतो आणि शेवटच्या काही मीटरांत, कधी डोकं पाण्याबाहेर आल्यावरही, शुद्ध जाते. त्याआधी काही दुखत नाही, घाबरायला होत नाही. शेजारी कुणी असेल तर तोंड पाण्याबाहेर धरून त्या माणसाला काही क्षणांत शुद्धीवर आणता येतं. कुणी नसेल तर तो संपला. म्हणून एक खाली, एक वर. वरच्याने खालच्यावरून नजर काढायची नाही आणि तो वर आल्यावरही निदान अर्धा मिनिट त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. माझी जोडीदारीण एका इस्पितळात परिचारिका आहे. तिला सुट्टी नसेल त्या दिवशी समुद्र कितीही नितळ असो, मी पाण्यात उतरत नाही. मोठा मासा समोर असताना आणखी दहा सेकंद थांबायचा मोह होतो, आणि माणसं मरतात ती याच मोहाने. मालवण, तारकर्लीकडे कुणी मुलगा एकटा बुडी मारताना दिसला तर त्याला हाक मारून थांबवा, एवढी आपल्या वाचकांना विनंती.

इथल्या शिकाऱ्यांचा इतिहास स्वच्छ आहे असंही नाही. सॅन डिएगोत १९३३ मध्ये ‘बॉटम स्क्रॅचर्स’ नावाचा बुडी मारणाऱ्यांचा क्लब सुरू झाला, अमेरिकेतल्या अगदी पहिल्या अशा क्लबांपैकी एक. जॅक प्रोडानोविच आणि वॉली पॉट्स ही त्यातली माणसं घरच्या घरी मास्क आणि भाल्याच्या बंदुका घडवत. त्या काळात जायंट सी बास हा दोनशे किलोंच्या वर जाणारा मासा जाळ्याने, गळाने आणि भाल्यानेही मारला गेला. तो सावकाश वाढतो, सत्तर वर्षांच्या वर जगतो आणि विणीसाठी ठरावीक जागी जमतो. असा मासा संपायला वेळ लागत नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याची शिकार बंद केली. आता तो पुन्हा दिसतो. केल्पमध्ये तो माणसाला बघून पळत नाही, उलट जवळ येतो, शेजारी तरंगत राहतो. त्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, म्हणून बुडी मारणारे फोटो काढून शास्त्रज्ञांना पाठवतात आणि त्यावरून एकेक मासा ओळखला जातो. हातात भरलेली बंदूक असताना असा मासा दोन हातांवर आला की मी तिचं टोक खाली वळवते. माझ्या ओळखीचा प्रत्येक शिकारी हेच करतो.

व्हाइट सीबासची गोष्ट मात्र आपल्याला जास्त लागू आहे, आणि हे पत्र मी मुख्यतः तिच्यासाठी लिहिते आहे. तोही एकेकाळी फार घटला होता. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कौल दिला आणि १९९४ पासून दक्षिणेकडच्या मुख्य किनाऱ्यालगत तीन मैलांच्या आत गलजाळी, म्हणजे माशाला कल्ल्याशी अडकवणारी जाळी, बंद झाली. परवाना सोडणाऱ्या मच्छीमारांना भरपाई देण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. कार्ल्सबॅडच्या केंद्रात या माशाची पिल्लं वाढवून समुद्रात सोडू लागले. त्यांच्या गालात बारीक तारेची खूण असते, म्हणून आम्ही मारलेल्या माशाचं डोकं तपासणीसाठी ठेवून देतो. शिवाय १५ मार्च ते १५ जून या विणीच्या दिवसांत दक्षिण कॅलिफोर्नियात माणशी दिवसाला एकच मासा, एरवी तीन. हा नियम गळवाल्याला आहे तसाच भालेवाल्यालाही आहे. २०१२ पासून ला होयाच्या दोन्ही बाजूंचे पट्टे राखीव आहेत, तिथे काहीच मारायचं नाही. मी जाते ते रान त्या दोन पट्ट्यांच्या मधलं. या सगळ्या उपायांनंतर हा मासा बऱ्यापैकी परतला. जुने मच्छीमार श्रेय सर्वांत आधी जाळी हटल्याला देतात, आणि मलाही तेच पटतं.

आता आपल्याकडे बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरब्याच्या एका बोटीला एकाच फेरीत दीडशेहून जास्त घोळी मिळाल्या आणि त्या सव्वा कोटीच्या वर गेल्या. ‘लॉटरी लागली’ अशा मथळ्यांच्या बातम्या मी इथे बसून वाचल्या. त्या नाखव्याबद्दल मला आनंदच झाला. कर्जाच्या बोटीवर वर्षं काढणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे. पण ढोम्याच्या कुळातले मासे विणीसाठी घोळक्याने जमतात, आणि एकाच जाळ्यात एवढ्या मोठ्या घोळी लागल्या तर तो घोळका कशासाठी जमला होता, हा प्रश्न मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हता. बोताचा भाव सगळ्या बातम्यांत होता. घोळीच्या पोटातल्या या हवेच्या पिशवीला परदेशात सोन्यासारखी किंमत मिळते, आणि जितका मासा मोठा तितकी बोताची किंमत जास्त. म्हणजे सगळ्यांचा डोळा नेमका त्याच घोळींवर, ज्या सर्वांत जास्त अंडी घालतात.

गुजरातने २०२३ मध्ये घोळीला राज्यमासा केलं. त्याच वर्षी आपण पापलेटला केलं, आणि ५४ जातींच्या किमान आकाराचे नियमही आणले. चांगलं झालं. पण किमान आकाराच्या नियमाने लहान मासा वाचतो, विणीला आलेली मोठी मादी वाचत नाही. जून-जुलैची पावसाळी बंदी सगळ्या माशांसाठी एकच आहे. घोळीचे विणीचे दिवस तिच्यात पूर्ण बसतात की पुढे सरकतात, हे शास्त्रज्ञांनी आणि नाखव्यांनी एकत्र बसून ठरवायला हवं. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था तर आमच्या वेसाव्यातच आहे, कोळीवाड्यापासून चालत जाण्याइतकी जवळ. ते दिवस ठरले की तेवढ्यापुरती प्रत्येक बोटीला घोळींची मर्यादा घालावी, आणि त्या मर्यादेमुळे होणारं नुकसान सरकारने भरून द्यावं. भरपाई नसेल तर असा नियम मी माझ्या सख्ख्या भावालाही पाळायला सांगणार नाही.

भाल्यावर बंदी मागणाऱ्या वाचकांनी ही मागणी उचलून धरावी असं मला मनापासून वाटतं. आपल्या किनाऱ्यावर भाला घेऊन उतरणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यांच्यासाठी परवाना, जोडीदाराशिवाय बुडी नाही असा नियम आणि मालवणच्या अभयारण्यात पूर्ण मनाई, एवढं पुरेसं आहे.

आणि एक विनंती थेट आपल्याला, संपादक महोदय. पुढच्या वेळी घोळींच्या अशा फेरीची बातमी येईल तेव्हा आपल्या बातमीदाराला भावासोबत आणखी तीन गोष्टी विचारायला सांगा : मासे किती खोलीवर मिळाले, एकेकाचं वजन किती होतं, आणि माद्यांच्या पोटात गाभोळी होती का. शेवटचा प्रश्न लिलाव करणाऱ्याला विचारून उपयोग नाही. तो धक्क्यावर मासे कापायला बसलेल्या बायकांना विचारा, त्या लगेच सांगतील.

आपली,
वेसाव्याची एक वाचक,
सॅन डिएगो, कॅलिफोर्निया