शिंप्याच्या पावतीवर शहर लिहून देणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे नाव आम्हाला ठाऊक नाही. मार्च २०२४ मधल्या एका सकाळी सिंगापूरच्या टेक्का सेंटर या मंडईत तुम्ही आमच्या टेबलाशी जेमतेम पाऊण तास बसलात आणि नाव विचारले तेव्हा "काकूच म्हणा, इथे सगळे तेच म्हणतात" एवढेच बोलून भाजीची ट्रॉली ओढत निघून गेलात. पत्ता नाही, फोन नंबर नाही, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहिते आहे. सिंगापुरातल्या मराठी मंडळींपैकी कोणाच्या तरी ते वाचनात येईल आणि "माहेर मिरजेचे, भाजीला टेक्कालाच जातात" एवढ्या खुणेवरून तुमच्यापर्यंत पोचेल, अशी आशा आहे.

त्या सकाळी तुम्ही आम्हाला पाहिलेत तेव्हा आम्ही दोघे नवरा-बायको एकमेकांशी धड बोलतही नव्हतो. लग्नानंतरचा आमचा हा पहिलाच परदेश प्रवास होता. पाठीवर एकेक सॅक, लिटल इंडियातल्या एका हॉस्टेलात सहा जणांच्या खोलीतले वर-खालचे दोन पलंग, त्यांचे पैसे कोल्हापुरातूनच भरलेले, आणि सहा दिवसांचे जेवण, प्रवास व बाकी सगळे भागवायला ४३० सिंगापूर डॉलर. त्या वेळी एका डॉलरला साठ-बासष्ट रुपये पडत होते, त्यामुळे ही रक्कम आमच्यासाठी लहान नव्हती. त्यातले १६५ डॉलर पहिल्याच दिवशी संपले. विमानतळावरून टॅक्सी केली, नदीतली बोटफेरी केली आणि संध्याकाळी नदीकाठच्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसलो. मेन्यूकार्डावरच्या किमतींची बेरीज मी मनात केली होती, ती ६६ डॉलर होती. हातात आलेले बिल ७९ डॉलर १३ सेंटचे होते. आपली फसवणूक झाली, असेच आम्हाला वाटले. रात्री वरच्या पलंगावर हे आणि खालच्या पलंगावर मी, दोघेही जागे होतो, पण खोलीत आणखी चार माणसे झोपलेली असल्याने भांडताही येत नव्हते. ते भांडण सकाळी टेक्काच्या टेबलावर आले.

टेबलाच्या रिकाम्या बाजूला तुम्ही टिश्यू पेपरचे एक पाकीट ठेवलेत आणि चहा आणायला गेलात. कोणीतरी ते विसरले, असे वाटून मी ते उचलून तुमच्यामागे आले, तर तुम्ही वळून शांतपणे म्हणालात, "राहू दे गं तिथेच. ती माझी जागा आहे." इंग्रजीत बोलायची तयारी करून आलेल्या मला ते मराठी ऐकून क्षणभर काही सुचलेच नाही. जागा धरायची ही तिथली रीत तुम्ही समजावून सांगितलीत आणि मग, आमचे बोलणे तुमच्या कानांवर पडले होते हे न लपवता, "काल किती गेले?" असे थेट विचारलेत. अनोळखी माणसाने पैशांचे विचारले की एरवी मी आक्रसून जाते. पण तुमच्या स्वरात चौकशी नव्हती, काळजी होती, आणि मी आकडा सांगून टाकला.

तुम्ही पहिली गोष्ट केलीत ती म्हणजे आमच्या मनातली फसवणुकीची सल काढलीत. मेन्यूकार्डावर किमतीपुढे छापलेल्या दोन अधिकच्या खुणांचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता. आधी दहा टक्के सेवाशुल्क, आणि मग त्या वाढलेल्या रकमेवर नऊ टक्के जीएसटी. तुम्ही बोटांवर हिशेब करून दाखवलात: ६६चे ७२ डॉलर ६० सेंट, आणि त्याचे ७९ डॉलर १३ सेंट. "कुणी लुबाडलेलं नाही तुम्हाला, फक्त सांगितलं नव्हतं," असे म्हणालात. मग समोरच्या दुकानांकडे हात करून, इथे पाटीवर जेवढे लिहिले आहे तेवढेच द्यायचे, वर एक सेंटही नाही, हे सांगितलेत. त्या एका वाक्याने आमचे पुढचे पाच दिवस बदलले.

त्यानंतर पर्समधून एक घडी घातलेली पावती काढून तिच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही लिहायला लागलात. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने दिलेली ती ब्लाउजची पावती होती, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. तिच्यावरचे एकेक अक्षर आता आम्हाला पाठ आहे. नळाचे पाणी प्यायचे, बाटली विकत घ्यायची नाही. टॅक्सी नाही, बस-रेल्वेचे ईझी-लिंक कार्ड प्रत्येकी एक, आणि बसमधून उतरताना ते पुन्हा टेकवायचे, नाहीतर शेवटच्या थांब्यापर्यंतचे पैसे कापले जातात. रेल्वेतून उतरून पाऊण तासाच्या आत बस धरली तर नव्याने भाडे सुरू होत नाही, सगळा एकच प्रवास धरला जातो. कामाच्या दिवशी पावणेआठच्या आत स्थानकात शिरलात तर रेल्वेचे भाडे कमी. जेवून झाले की ट्रे स्वतः उचलून जागेवर ठेवायचा, तो कायदा आहे. आणि ह्यांना गोड कॉफी चालत नाही हे कळल्यावर एका ओळीत मोठ्या अक्षरांत: "कोपी-सी कोसोंग", म्हणजे बिनसाखरेची, आटवलेल्या दुधाची. ती ओळ हे काउंटरवर जाऊन इतक्या आत्मविश्वासाने म्हणायचे, की तिसऱ्या दिवसापासून कॉफीवाल्या आजी त्यांना पाहूनच पेला पुढे करू लागल्या.

पण काकू, खरे आभार मानायचे आहेत ते पावतीवर न लिहिलेल्या एका गोष्टीबद्दल. "पैशांचं पाकीट कुणाकडे आहे?" असे तुम्ही विचारलेत, आणि हे "माझ्याकडे" म्हणाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग रोज नाही म्हणायचं काम याच्याकडे, आणि रोज मागायचं काम हिच्याकडे. अशानं दोघांचाही जीव आंबतो. एक दिवस पाकीट हिच्याकडे, एक दिवस तुझ्याकडे. ज्याच्याकडे पाकीट, त्याचा शब्द शेवटचा, आणि रात्री दुसऱ्याने हिशेब मागायचा नाही." आम्ही हसलो होतो, पण उरलेले २६५ डॉलर तिथेच मोजून दिवसाला ५३ डॉलर असे ठरवले आणि त्या दिवशीचे पाकीट माझ्याकडे आले. दुपारपर्यंतच मला कळले की सरबतासाठी नाही म्हणणे किती जड असते, आणि ह्यांना कळले की दुसऱ्याकडे बघून "घेऊया का?" असे विचारणे किती अवघड असते. आदल्या रात्री आम्ही ज्याला एकमेकांचा स्वभाव समजत होतो, तो केवळ पाकीट कोणाच्या खिशात आहे याचा परिणाम होता. घरी आल्यावरही महिन्याच्या खर्चाचे आम्ही तसेच आलटून पालटून करतो.

तुम्ही दाखवलेले शहर हे तिथे राहणाऱ्या माणसांचे शहर होते, आणि ते महाग नव्हते. १८५९ मध्ये वसवलेले बोटॅनिक गार्डन, ज्याला २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, ते पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत सर्वांना मोफत खुले असते. आम्ही तिथे एक अख्खी सकाळ घालवली आणि फक्त ऑर्किडच्या बागेसाठी प्रत्येकी १५ डॉलर दिले, तेही त्या दिवशीच्या पाकीटवालीने मनापासून ठरवून. मरिना बराजच्या छतावरच्या हिरवळीवर संध्याकाळी मुले पतंग उडवत होती. समुद्राच्या मुखाशी घातलेल्या त्या धरणामुळे शहराच्या मध्यात गोड्या पाण्याचा तलाव झाला आहे, हे तिथल्या फलकावर वाचले. तिथून चालत गार्डन्स बाय द बे या बागेत गेलो आणि पावणेआठच्या दिव्यांच्या खेळाला उंच लोखंडी झाडांखाली जमिनीवर पाठ टेकून पडून राहिलो. एस्प्लनेड पार्कच्या नोंदीपुढे तुम्ही फक्त "नेताजी" एवढाच शब्द लिहिला होता. आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा सांगणारा तो फलक शोधून काढला. १९४५ मध्ये उभारलेले मूळ स्मारक इंग्रजांनी परत येताच पाडून टाकले होते आणि हा फलक १९९५ मध्ये लावला गेला. माझे यजमान शाळेत इतिहास शिकवतात. ते तिथे बराच वेळ काही न बोलता उभे राहिले.

जेवणाची चिंता तर राहिलीच नाही. रस्त्यावरच्या विक्रेत्यांना एका छपराखाली आणून उभी केलेली ही हॉकर सेंटर, ज्यांच्या संस्कृतीची युनेस्कोने २०२० मध्ये दखल घेतली, ती आमच्यासारख्यांची खरी अन्नदाती ठरली. कधी डोसा, कधी भातावर तीन भाज्या, आणि सोबत शेजारच्या टेबलावरच्या माणसांच्या गप्पा. टाउनर रोडवरच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरची गोष्ट निघाली तेव्हा तुम्ही जे म्हणालात, तेही मला इथे लिहून ठेवायचे आहे: "लंगर ही पैसे वाचवायची युक्ती नव्हे. जाल तर आधी डोकं टेकवा आणि नंतर भांडी घासा." आम्ही गेलो, आणि दोघांनी मिळून दीड तास ताटे धुतली. परदेशातल्या सहा दिवसांत आम्ही तिथल्या कोणाच्या तरी उपयोगी पडलो, तो तेवढाच वेळ.

पुलाऊ उबिन या बेटावरचा दिवस मात्र सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तुम्ही त्या नावाखाली दोन रेघा ओढल्या होत्या. तानाह मेरा स्थानकाबाहेरून २ नंबरची बस धरून चांगी व्हिलेजला उतरलो. धक्क्यावर दहा जण बसले होते, आमच्यासह. बारा माणसे जमल्याशिवाय लाकडी बोट सुटत नाही, प्रत्येकी चार डॉलर, आणि रिकाम्या जागांचे पैसे भरले तर लगेच निघते. एका प्रवाशाने तसे सुचवलेही. त्या दिवशी पाकीट ह्यांच्याकडे होते, त्यांनी पावती काढून तुमची ओळ मला दाखवली: "बारा होईपर्यंत बसा. घाई विकत घेऊ नका." पंचवीस मिनिटांनी गळ आणि बादल्या घेऊन दोन म्हातारे मासेमार आले आणि बोट हलली. बेटावर भाड्याच्या सायकली घेऊन आम्ही चेक जावापर्यंत गेलो. भराव टाकून बुजवली जाणार असलेली ही किनारपट्टी लोकांनी आवाज उठवल्यामुळे वाचली. ओहोटीची वेळ होती. लाकडी पुलावरून खाली वाकून पाहिले तर खारफुटीच्या मुळांमधल्या चिखलात काहीतरी टुणकन उडाले, थांबले, पुन्हा उडाले. ह्यांचे आजोळ मालवणचे; हे जवळजवळ ओरडलेच, "अगं, निवटी!" पाण्याबाहेरही श्वास घेणारा, डोळे डोक्यावर असलेला तो छोटा मासा त्यांनी लहानपणी आजोबांबरोबर खाडीत पाहिला होता. पुढचा अर्धा तास ते पुलावर पालथे पडून मला एकेक निवटी दाखवत होते आणि आजोबांविषयी बोलत होते, जे त्यांनी लग्नानंतर दोन वर्षांत कधी सांगितले नव्हते. पहिल्या दिवशीच्या १६५ डॉलरांत असे काहीही मिळाले नव्हते.

निघायच्या दिवशी पाकिटात ३१ डॉलर उरले होते. त्याच सकाळी पावती उलटून पाहिली, तेव्हा पुढच्या बाजूला ब्लाउजचे माप, क्रमांक आणि देण्याची तारीख दिसली, आणि ती तारीख होऊन गेली होती. आम्हाला फार अपराधी वाटले. धावत टेक्काचा जिना चढून त्या शिंपीदादांना गाठले. त्यांनी वहीत क्रमांक पाहिला आणि ब्लाउज कालच नेला, पावती लागत नाही, कागद तुम्हीच ठेवा, असे सांगितले. आमच्याजवळ घरून नेलेल्या जयसिंगपुरी भडंगाचे एक न फोडलेले पाकीट होते. मिरजेच्या माणसाला याहून योग्य दुसरे काय देणार, असे म्हणून ते आम्ही त्यांच्याकडे ठेवले आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली, पण त्या गडबडीत चिठ्ठीवर आमचा फोन नंबर लिहायचा राहून गेला.

ते तुम्हाला मिळाले असेल, अशी आशा करते. थोडे सादळले असेल तर कढईत मंद आचेवर परतून घ्या.

तुमचे मनःपूर्वक आभार.

आपली नम्र,
टेक्काच्या टेबलावर रडणारी मुलगी, आणि तिचे "कोपी-सी कोसोंग" पिणारे यजमान
कोल्हापूर