आभाळातल्या युद्धाच्या कादंबऱ्या मराठीत याव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ऐतिहासिक कादंबऱ्यांवरचा लेख वाचला. गड, स्वाऱ्या, पानिपत सगळं त्यात आहे, आणि ते असायलाच हवं. पण गेल्या शतकात युद्ध आभाळात गेलं, त्यालाही आता इतिहास म्हणण्याइतका काळ लोटला. त्यावरच्या एकाही कादंबरीचं नाव लेखात नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. बरीच वर्षं कॅनबेरा विमानांवर काढली. फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, आधी आम्ही सह्या करायच्या, मग वैमानिक सही करून विमान ताब्यात घ्यायचा. विमान गेलं की आमच्या हाती फक्त वाट पाहणं. रात्रीचं उड्डाण असलं की आणलेला चहा तसाच गार व्हायचा. ही वाट पाहणारी माणसं मला पुस्तकात पहिल्यांदा भेटली ती लेन डेटन यांच्या 'बॉम्बर'मध्ये (१९७०). लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक लँबर्ट मोहिमेवर जातो आणि त्याची बायको रूथ त्याच तळावर नोकरीला असते.

कादंबरीची तारीख आहे ३१ जून १९४३. मला आधी छपाईची चूक वाटली. मग लक्षात आलं, असा दिवस कॅलेंडरात नाहीच. लेखकाने तो मुद्दाम घेतलाय. ब्रिटिश विमानं क्रेफेल्ड या जर्मन शहरावर बॉम्ब टाकायला निघतात. निशाणाचे दिवे टाकणारं विमान वाटेतच पडतं, दिवे भलतीकडे पेटतात आणि बॉम्ब पडतात आल्टगार्टेन नावाच्या लहानशा गावावर. वैमानिक, जर्मन रडारवरचा अधिकारी, गावातली माणसं, सगळ्यांचा तो एकच दिवस आणि एकच रात्र. खऱ्या दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाच्या, सुमारे १,२५,००० वैमानिक आणि विमान-कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. हा आकडा मला ठाऊक होता, पण त्याचं ओझं जाणवलं ते ही कादंबरी वाचल्यावर.

माझ्या पत्नीला इंग्रजी वाचता येत नाही. रोज संध्याकाळी मी तिला 'बॉम्बर' मराठीत सांगत गेलो. महिना-सव्वा महिना लागला. विमानांचं तिने फारसं विचारलं नाही. भाकरी थापता थापता एकच विचारायची, "त्या गावातली माणसं वाचली का हो?"

आणखी दोन नावं. डेरेक रॉबिन्सन यांच्या 'पीस ऑफ केक'मध्ये (१९८३) हरिकेन विमानांच्या एका स्क्वाड्रनचं १९३९-४० हे वर्ष आहे. तिघातिघांनी चिकटून उडायच्या शिस्तीपायी चांगली पोरं कशी मारली गेली, ते तिथे वाचावं. जेम्स सॉल्टर यांची 'द हंटर्स' (१९५६) कोरियन युद्धातल्या सेबर या अमेरिकी लढाऊ विमानांची आहे. सॉल्टर स्वतः तिथे शंभरावर मोहिमा उडाले होते. पाच विमानं पाडली की 'एस' म्हणवून घ्यायचं, त्या हव्यासाने माणूस आतून कसा पोखरला जातो, हे इतकं खरं मी दुसरीकडे वाचलं नाही. शेवट सांगत नाही.

आपल्या प्रकाशकांना कळकळीची विनंती, यांतली निदान 'बॉम्बर' तरी मराठीत आणावी. आणि आपल्या लेखकांनाही. १९७१ च्या युद्धात आपल्या हवाई दलाचे वैमानिक दिलीप परुळकर यांचं सुखोई-७ विमान पाडलं गेलं. ऑगस्ट १९७२ मध्ये ते दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीतून निसटले आणि अफगाण सरहद्द थोडक्यावर असताना लंडी कोतलला पकडले गेले. त्यावर माहितीपर लिहिलं गेलंय. मला हवी आहे कादंबरी, आणि तिच्यात त्यांच्या विमानावर शेवटचा हात फिरवणारा फिटरही असावा.

आमच्या घरी सध्या एच. ई. बेट्स यांची 'फेअर स्टूड द विंड फॉर फ्रान्स' (१९४४) चालू आहे. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये वेलिंग्टन विमान कोसळतं आणि एक शेतकरी कुटुंब जखमी वैमानिकाला लपवतं. त्याचा हात कापावा लागला, तिथवर आलोय. काल पत्नीने पुस्तक मिटू दिलं नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त इंजिन फिटर, नाशिक